दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल : व्हीलुकअप, इंडेक्स-मॅच आणि समइफ्स यांच्या निवडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका गावच्या प्राथमिक दूध संस्थेत घडलेले हे प्रकरण आहे. संस्थेचे, गावाचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. हिशेबाच्या दुरुस्तीत मी प्रत्यक्ष सहभागी होतो, त्यामुळे निर्णय कसे झाले आणि त्यांतील माझे कोणते चुकले, हे दोन्ही येथे नोंदवीत आहे.

संस्थेला सुमारे दोनशे उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. संकलन यंत्र लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅट सोडून उरलेले घन घटक) नोंदवते आणि उत्पादकाला तेवढ्याच आकड्यांची पावती मिळते. दर आणि रक्कम मात्र दहा दिवसांच्या बिलावरच दिसतात. बिले महिन्यातून तीन वेळा, म्हणजे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर अशी निघतात. एका बिलात प्रत्येकाच्या सुमारे वीस नोंदी येत असल्याने एकूण ओळी चार हजारांच्या घरात जातात. यंत्रातील नोंदी फाइलरूपाने काढून त्या एक्सेल २०१३ मध्ये घ्यायच्या, दरपत्रकातून दर उचलायचा, बेरीज करायची, पशुखाद्याची कपात वजा करायची आणि बँकेची यादी तयार करायची, हे सगळे काम संस्थेचा संगणक सांभाळणारा एक तरुण कर्मचारी करीत असे. हे काम त्याने कोणाकडूनही न शिकता स्वतःच्या हिंमतीवर उभे केले होते, ही गोष्ट पुढचे वाचताना लक्षात ठेवावी.

दूध संघाने दर बदलल्यावर या कर्मचाऱ्याने गाईच्या आणि म्हशीच्या दुधाची नवी दरपत्रके बनवली. उभ्या कॉलममध्ये फॅट, आडव्या शीर्षओळीत एसएनएफ आणि मधल्या चौकटींत दर, अशी त्यांची नेहमीची मांडणी होती. गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, तर म्हशीच्या दुधाचा ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला धरलेला होता. गाईच्या दरपत्रकात फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ३० पैशांचा फरक होता.

तक्रार

नव्या दरपत्रकावर तिसरे बिल निघाल्यानंतर एक महिला उत्पादक आपली वही घेऊन संस्थेत आल्या. त्यांच्याकडे दोन गाई आणि एक म्हैस आहे. रोजच्या पावत्यांवरचे आकडे त्या वहीत उतरवून घेतात आणि भिंतीवर लावलेल्या छापील दरपत्रकावरून रकमेचा पडताळा घेतात. गाईच्या दुधाला ३.८ फॅट लागूनही बिलात ३.७ चा दर लागला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिवसाला १२ लिटर याप्रमाणे दहा दिवसांचे १२० लिटर दूध आणि लिटरमागे ३० पैसे, म्हणजे एका बिलात ३६ रुपये कमी. त्यांनी विचारलेला एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटला : “म्हशीचं बरोबर येतंय, मग गाईचंच का चुकतंय?”

त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूनेही शंका आली. पशुखाद्याच्या गोदामातील नोंदवहीप्रमाणे उधारीवर दिलेल्या पोत्यांची जी रक्कम होती, तिच्यापेक्षा बिलांतून झालेली कपात कमी भरत होती. उत्पादकाला कमी मिळत होते आणि संस्थेचेही येणे राहत होते. दोन्ही गोष्टी एकाच फाइलमधून निघाल्या होत्या, म्हणून सचिवांनी ती फाइल मला तपासायला दिली.

शोध : दर का घसरला

दरासाठी व्हीलुकअप, म्हणजे तक्त्याच्या पहिल्या कॉलममध्ये आकडा शोधून त्याच ओळीतील उत्तर आणणारे एक्सेलचे फंक्शन, वापरलेले होते. फॅट शोधायचा, दरपत्रकाचा तक्ता द्यायचा, एसएनएफचा कॉलम मॅचने (यादीतील जागेचा क्रमांक सांगणाऱ्या फंक्शनने) ठरवायचा आणि त्या चौकटीतील दर आणायचा, अशी रचना होती आणि ती मुळात योग्य होती. मात्र व्हीलुकअपचा चौथा भाग त्याच्या आधीच्या स्वल्पविरामासह गाळलेला होता. तो असा गाळला की एक्सेल ‘ट्रू’ धरते. म्हणजे नेमकी संख्या सापडली नाही, तर तिच्यापेक्षा लहान असलेली सर्वांत जवळची पायरी घेते. तेथे ‘फॉल्स’ लिहिले तरच नेमका आकडा शोधला जातो आणि तो न मिळाल्यास एन-ए ही चूक दिसते.

मी कर्मचाऱ्याला विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की जुन्या फाइलमध्ये फॉल्स होते. नव्या दरपत्रकावर ते ठेवले की बऱ्याच ओळींत एन-ए येऊ लागले, म्हणून त्याने फॉल्स काढून पाहिले आणि सगळीकडे दर उमटले. या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच. एन-ए हे शोध फसल्याचे लक्षण होते. त्याने लक्षण घालवले आणि कारण तसेच राहिले.

कारण दरपत्रकाच्या फॅटच्या कॉलममध्ये होते. जुन्या दरपत्रकात ३.०, ३.१, ३.२ हे आकडे हाताने टाइप केलेले होते. नव्यात पहिल्या सेलमध्ये ३.० लिहून खाली ‘वरची सेल अधिक ०.१’ हा फॉर्म्युला ओढत नेलेला होता. डोळ्यांना दोन्ही कॉलम सारखेच दिसतात. पण संगणक संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ हा अपूर्णांक नेमका मावत नाही. जसे एकतृतीयांश लिहिताना आपल्याला ०.३३३ असे कोठेतरी थांबावे लागते, तसेच तेथे ०.१ चे होते. प्रत्येक बेरजेत अतिसूक्ष्म फरक पडतो आणि तो पुढच्या सेलमध्ये उतरतो. ३.० पासून ०.१ मिळवत गेल्यास ३.१ आणि ३.२ बरोबर येतात; ३.३ च्या ठिकाणी मात्र ३.३ पेक्षा किंचित मोठी संख्या तयार होते. हा वाढीव अंश ४.१ पर्यंत टिकतो आणि ४.२ ला नाहीसा होतो, कारण ४ ओलांडल्यावर साठवता येणाऱ्या दोन लगतच्या संख्यांमधील अंतर दुप्पट होते आणि पूर्णांकन दुसऱ्या बाजूला झुकू लागते.

परिणाम सरळ आहे. पावतीवरचा ३.८ नेमका ३.८ आहे, पण दरपत्रकातील ‘३.८’ त्याहून तिळभर मोठा आहे. व्हीलुकअप ‘३.८ किंवा त्याहून लहान’ अशी शेवटची पायरी शोधते, ती ३.७ ची निघते आणि दर एक पॉइंट खाली जातो. ३.३ ते ४.१ अशा नऊ पायऱ्यांवर हे घडत होते आणि गावातील गाईंच्या दुधाचा बहुतेक फॅट याच पट्ट्यात होता. म्हशीचे दरपत्रक ५.० पासून त्याच पद्धतीने बनवलेले होते, पण तेथे ५.२ पासून संख्या किंचित लहान होत जातात. त्यामुळे ‘लहान किंवा समान’ या शोधात योग्य तीच पायरी हाती लागत होती. त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते : म्हशीचे दरपत्रकही सदोषच होते, फक्त तो दोष निरुपद्रवी बाजूला होता.

हे सिद्ध करायला थोडा वेळ लागला, कारण एक्सेलची स्वतःची तपासणी येथे दिशाभूल करते. दरपत्रकातील सेल आणि ३.५ यांची ‘बरोबर’ या चिन्हाने तुलना केली की उत्तर ट्रू येते, कारण ती तुलना पंधरा अंकांपर्यंतच होते. साधी वजाबाकी केली तर शून्य दिसते. पण तीच वजाबाकी कंसात घातल्यावर दशांश चिन्हानंतर पंधरा शून्ये आणि मग ४४४ असा फरक दिसला. व्हीलुकअप आणि मॅच यांना हा फरक दिसतो. सचिवांना मी हे स्क्रीनवर करून दाखवले. त्याशिवाय त्यांना ते पटले नसते आणि पटू नये असेच ते आहे.

शोध : कपात का कमी भरली

कपातीसाठीही व्हीलुकअपच होते, आणि येथे दोष आकड्यांचा नसून फंक्शनच्या निवडीचा होता. नेमक्या शोधात व्हीलुकअप पहिली जुळणारी ओळ शोधते आणि तेथेच थांबते. ज्या उत्पादकाने दहा दिवसांत दोन पोती उचलली होती, त्याच्या नावावर पहिल्याच पोत्याची रक्कम कापली जात होती. एका कोडला, म्हणजे उत्पादकाच्या क्रमांकाला, एकच ओळ असेल तेथे शोध योग्य ठरतो. एका कोडला कितीही ओळी असू शकतील तेथे प्रश्न बेरजेचा असतो आणि तो समइफ (एक अट) किंवा समइफ्स (अनेक अटी) या अट जुळणाऱ्या ओळींची बेरीज करणाऱ्या फंक्शनांनाच विचारावा लागतो. हा फरक सांगायला अगदी सोपा वाटतो, पण ज्या महिन्यात कोणीच दुसरे पोते उचलत नाही त्या महिन्यात दोन्ही फंक्शने एकच उत्तर देतात. म्हणून तो चटकन ध्यानात येत नाही.

शिवाय या व्हीलुकअपभोवती इफएरर गुंडाळून चूक आल्यास शून्य लिहिलेले होते. खाद्य न घेतलेल्यांसाठी ते सोयीचे होते, पण कोड न जुळल्यामुळे न सापडलेल्यांनाही तेच शून्य मिळत होते. खाद्याच्या शीटमधील काही कोड संख्या म्हणून, तर काही मजकूर म्हणून साठवलेले होते. व्हीलुकअपच्या दृष्टीने १७ ही संख्या आणि ‘१७’ हा मजकूर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

पर्याय आणि त्यांची तुलना

दरासाठी चार पर्याय समोर होते.

पहिला म्हणजे व्हीलुकअप तसेच ठेवून फॅटचा कॉलम हाताने टाइप करणे आणि फॉल्स परत लिहिणे. ही दुरुस्ती दहा मिनिटांची होती, पण पुढच्या दरबदलाच्या वेळी कोणी पुन्हा फॉर्म्युला ओढला की तोच प्रसंग आला असता.

दुसरा पर्याय एक्सलुकअप या व्हीलुकअपचे काम करणाऱ्या नव्या फंक्शनचा. मायक्रोसॉफ्टने ते २०१९ मध्ये जाहीर केले. त्यात न विचारताही नेमकाच शोध होतो, शोधाच्या कॉलमच्या डावीकडचे उत्तरही आणता येते आणि ‘न सापडल्यास काय लिहावे’ यासाठी वेगळी जागा आहे. नव्याने शिकणाऱ्याला मी तेच आधी शिकवीन. परंतु ते एक्सेल २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येच मिळते. संस्थेच्या २०१३ च्या एक्सेलमध्ये ते चालले नसते आणि दुसरीकडे बनवून आणलेली फाइल तेथे पुन्हा गणली जाताच नावाची चूक दाखवू लागली असती. नवीन परवाना घेण्याचा विषय समितीने पुढे ढकलला, आणि त्या वेळी ते रास्तच होते.

तिसरा पर्याय इंडेक्स आणि दोन मॅच यांचा. एक मॅच फॅटची ओळ शोधते, दुसरी एसएनएफचा कॉलम शोधते आणि इंडेक्स त्या छेदावरचा दर देते. हे जुन्या एक्सेलमध्ये चालते आणि मध्ये कॉलम घातला तरी बिघडत नाही. दोन बाजूंनी वाचायच्या दरपत्रकाशी ते अगदी जुळते.

चौथा पर्याय मी सुचवला होता आणि तो चुकीचा होता. दरपत्रक आडवे न ठेवता ‘दुधाचा प्रकार, फॅट, एसएनएफ, दर’ अशा चार कॉलमांच्या लांब यादीत मांडायचे आणि समइफ्सने तीन अटी लावून दर आणायचा. समइफ्स २००७ पासून एक्सेलमध्ये आहे, अनेक अटी सहज घेते आणि एन-ए दाखवत नाही. शेवटचा गुण मला त्या वेळी गुण वाटला. चाचणीत दोन गोष्टी घडल्या. यादी तयार करताना ३.५ आणि ८.५ ची ओळ चुकून दोनदा चिकटवली गेली आणि त्या दुधाला थेट दुप्पट दर लागला, कारण समइफ्स बेरीजच करते. दुसरे, दरपत्रकाच्या खाली गेलेल्या एका नोंदीला दर शून्य लागला आणि ते दूध मोफत घातल्यासारखे बिलात बसले. व्हीलुकअप पहिल्या ओळीवर थांबते, म्हणून दुबार ओळ लपते. समइफ्स सगळ्या ओळी मिळवते, म्हणून दुबार ओळ फुगते. न सापडलेल्या गोष्टीबद्दल नेमक्या शोधातले व्हीलुकअप ओरडते आणि समइफ्स गप्प राहते. दर ही ज्याच्या अनुपस्थितीबद्दल ओरडच व्हायला हवी अशी गोष्ट आहे, आणि कपात ही जिच्या अनुपस्थितीचे उत्तर खरोखरच शून्य असते अशी. हे मला चाचणीनंतर कळले. ते आधीच विचारात घ्यायला हवे होते.

केलेली कार्यवाही

दरासाठी इंडेक्स आणि दोन मॅच हा मार्ग ठरला. दशांशांवर शोध घेणेच बंद केले. दरपत्रकात फॅट आणि एसएनएफ दहापट करून ३०, ३१, ३२ असे पूर्णांक ठेवले आणि नोंदीच्या बाजूला फॅट आणि एसएनएफला दहाने गुणून राउंड या फंक्शनने जवळचा पूर्णांक केला. पूर्णांकांना सूक्ष्म अंशाचा त्रास होत नाही, त्यामुळे फॉर्म्युला ओढला तरी ३८ हा ३८ च राहतो. दोन्ही मॅच नेमक्या शोधावर ठेवल्या आणि त्यांच्याभोवती इफएरर मुद्दाम लावले नाही. दरपत्रकाबाहेरचा फॅट आला तर एन-ए दिसेल, बिल अडेल आणि सचिव ती नोंद पाहतील. पूर्वी दरपत्रकाच्या वर गेलेल्या नोंदीला गुपचूप शेवटच्या ओळीचा दर लागत होता. तो आकडा टाइप करतानाची चूक आहे का, हे कोणी पाहतच नव्हते.

रकमेची बेरीज आणि कपात समइफ्सकडे दिली. दुधाच्या बेरजेत कोडबरोबर दुधाचा प्रकार ही अटही घातली, म्हणजे गाय आणि म्हैस वेगवेगळ्या दिसतील. तारखेच्या अटीत मात्र माझ्याकडून दुसरी चूक झाली. मी ‘१० तारखेपेक्षा लहान किंवा समान’ अशी अट लिहिली आणि दहा तारखेचे सगळेच दूध बेरजेतून गळाले. यंत्राच्या नोंदीत तारखेबरोबर वेळही असते. एक्सेलच्या दृष्टीने नुसती ‘१० तारीख’ म्हणजे त्या दिवशीची मध्यरात्र, आणि सकाळी सातचे दूध तिच्या नंतरचे. अट ‘११ तारखेपेक्षा लहान’ अशी बदलली. एकूण लिटर यंत्राच्या लिटरशी ताडून पाहिले नसते तर हे मला दिसले नसते.

कपातीत समइफ्सचा एक स्वभाव उपयोगी पडला. अटीतील कोड मजकूर असो वा संख्या, ते दोन्ही जुळवून घेते. ‘०१७’ आणि १७ त्याला एकच वाटतात. पण ज्या कॉलमची बेरीज करायची त्याबाबत ते तसे उदार नसते. पहिल्या पडताळ्यात कपात गोदामाच्या वहीपेक्षा बरोबर एका पोत्याच्या किमतीने कमी आली. शोधल्यावर एका सेलमध्ये रक्कम आपल्या वहीच्या सवयीने शेवटी ‘/-’ लावून लिहिलेली सापडली. त्या चिन्हामुळे ती मजकूर झाली होती आणि समइफ्सने तिला वगळले होते. त्या कॉलमला फक्त संख्याच स्वीकारण्याचे बंधन घातले. कोड जुळवून घेण्याच्या या स्वभावाची उलट बाजूही आहे : बँक खात्यांच्या यादीत दुबार क्रमांक शोधताना काउंटइफ (अट जुळणाऱ्या सेल मोजणारे फंक्शन) पंधरा अंकांपुढचे पाहत नाही, त्यामुळे सोळा अंकी खात्यांत फक्त शेवटचा अंक वेगळा असला तरी ती एकच ठरतात. म्हणून तो पडताळा काउंटइफने न करता, यादी क्रमाने लावून डोळ्यांनी केला.

निष्पत्ती

रोजच्या मूळ नोंदी सुरक्षित असल्याने मागील तिन्ही बिलांची फेरगणना करता आली. गाईचे दूध घालणाऱ्यांचा दरफरक पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवून देण्यात आला. तक्रार घेऊन आलेल्या ताईंच्या वहीतील हिशेब आणि फेरगणना पैशापर्यंत जुळली.

पशुखाद्याच्या राहिलेल्या कपातीचा निर्णय जास्त अवघड गेला. चूक संस्थेची, मग उत्पादकाच्या बिलातून एकदम वसुली का, असा प्रश्न समितीत निघाला आणि तो योग्य होता. दुसरीकडे ते पैसे सर्व सभासदांचे होते. शेवटी प्रत्येकाला पोत्याची तारीख दाखवून आणि त्याची संमती घेऊन तीन बिलांत विभागून कपात करण्याचे ठरले.

वेगळे काय करता आले असते

नवे दरपत्रक लागू करताना एक बिल जुन्या पद्धतीनेही काढून छापील दरपत्रकाशी वीस नोंदी हाताने ताडल्या असत्या, तर पहिल्याच बिलात चूक सापडली असती. त्या वीस नोंदी गाय आणि म्हैस या दोन्हींतून आणि निरनिराळ्या फॅटच्या घ्यायला हव्या होत्या. केवळ म्हशीच्या वीस नोंदी घेतल्या असत्या तर सगळे निर्दोष भासले असते.

एकूण बेरजांची तपासणी फाइलमध्ये आधीपासून असायला हवी होती. आता पहिल्याच शीटवर तीन तुलना ठेवल्या आहेत : यंत्राचे लिटर आणि बिलांचे लिटर, रोजच्या ओळींची रक्कम आणि बिलांची रक्कम, गोदामाच्या वहीतील उधारी आणि बिलांतील कपात. यांतील एकही जोडी जुळली नाही तर बँकेची यादी काढायची नाही, असे समितीने ठरवून दिले.

मी स्वतः समइफ्सचा पर्याय मांडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला हवे होते : जुळणारे काहीच नसेल तर हे फंक्शन काय उत्तर देते, आणि जुळणारे एकापेक्षा जास्त असेल तर काय? दोन्हींची उत्तरे कागदावर दोन ओळींत मावली असती आणि चाचणीचा एक दिवस वाचला असता.

एक मुद्दा अजून पुरता सुटलेला नाही. यंत्र कधीकधी एसएनएफ दोन दशांशांत देते आणि ८.४७ ला ८.४ चा दर लावायचा की ८.५ चा, हे छापील दरपत्रकावर लिहिलेले नव्हते. राउंडने ते ८.५ होते, पूर्वीच्या ‘लहान किंवा समान’ या शोधात खालची ८.४ ची पायरी धरली गेली असती. हा प्रश्न फंक्शनने सोडवायचा नसून संस्थेने आणि संघाने ठरवायचा आहे. तूर्त राउंडचा नियम दरपत्रकाखाली मराठीत लिहून भिंतीवर लावला आहे आणि संघाकडून लेखी उत्तर मागवले आहे.